दोन महिने रेंज नसेल तर प्रोग्रामिंगचं सामान कसं बांधायचं

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीचे दोन महिने तो राधानगरीच्या आतल्या गावात असेल, आणि तिथे मोबाईलला रेंज फक्त घरामागच्या टेकडीवर मिळते. लॅपटॉप विंडोजचा, आठ जीबी रॅमचा. जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचा सांगाडा) आणि थोडं रिअ‍ॅक्ट (जावास्क्रिप्टमध्ये पानं बनवायचं साधन) वापरून प्रकल्प पुरा करायचा आहे. कॉलेजचं वायफाय अजून आठ दिवस हाताशी आहे. एवढ्यात काय काय उतरवून न्यावं?

आठ दिवस पुरेसे आहेत. पण त्यातले शेवटचे दोन दिवस डाउनलोडसाठी धरू नका. ते नेट बंद करून काम करून पाहण्यासाठी राखून ठेवा. फाइल उतरली म्हणजे सोय झाली असं आपण धरून चालतो आणि फसतो. वायफाय बंद करून कोऱ्या फोल्डरपासून प्रकल्प उभा राहिला, तरच सोय झाली.

हे मी कुठे शिकलो ते सांगतो. २०१७ च्या गळीत हंगामात एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आमचं पायथनमधलं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. काटाघरातल्या मशीनला इंटरनेट नव्हतं, आणि देणारही नव्हते, तसा नियमच होता. मी माझ्या ६४ बिटच्या लॅपटॉपवर सगळी पॅकेजेस (इतरांनी लिहिलेल्या कोडचे तयार संच) उतरवून पेनड्राइव्हवर नेली. रात्री साडेदहाला कळलं की काट्याचं मशीन ३२ बिट विंडोजचं आहे. निम्मी पॅकेजेस तिथे बसेनात. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची आणि बैलगाड्यांची रांग, आणि मी परत शहराकडे निघालेलो. पेनड्राइव्हवर फाइल एकही कमी नव्हती. मी नेलेल्या फाइल त्या मशीनच्या नव्हत्या, एवढंच. तेव्हापासून पॅकेज उतरवण्याआधी मी मशीनची प्रणाली, बिट आणि पायथनची नेमकी आवृत्ती कागदावर लिहून घेतो. तुम्हीही आधी तेच करा.

आता पायथनपासून सुरू करू, कारण तुमचं बहुतेक काम तिथेच आहे.

पहिला गैरसमज असा की एकदा पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाने) पॅकेज बसवलं की ते कॅशमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्या तात्पुरत्या साठ्यात, राहतं, म्हणून नेट नसतानाही पुन्हा बसेल. तसं होत नाही. कॅश असली तरी पिप आधी बाहेर पॅकेजची यादी विचारायला जातो, आणि नेट नसेल तर तिथेच अडकतो. त्यासाठी ‘पिप डाउनलोड’ ही वेगळी कमांड आहे. रिक्वायरमेंट्सची, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसची, यादी तिला द्यायची आणि सगळ्या फाइल एका फोल्डरमध्ये उतरवून घ्यायच्या. नंतर बसवताना ‘नो-इंडेक्स’ हा पर्याय द्यायचा, म्हणजे पिप बाहेर जाणारच नाही, आणि ‘फाइंड-लिंक्स’ने त्याला आपला फोल्डर दाखवायचा. ही पॅकेजेस ज्या इतर पॅकेजेसवर अवलंबून असतात, तीही त्यासोबत आपोआप उतरतात.

उतरवताना ‘ओन्ली-बायनरी’ला ‘ऑल’ अशी अट जरूर घाला. नाहीतर एखाद्या पॅकेजचं व्हील (बसवायला तयार फाइल) मिळालं नाही की पिप गुपचूप मूळ कोडची गाठोडी उचलून आणतो. ती बसवताना सी कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारं साधन) लागू शकतो. विंडोजवर तो नसला की ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० किंवा वरची आवृत्ती हवी’ असा लाल मजकूर येतो, आणि ती बिल्ड टूल्स काही जीबींची असतात. टेकडीवर बसून ती उतरवणं अशक्य आहे. अट घातली असेल तर न मिळणारं पॅकेज कॉलेजमध्येच समजतं आणि तिथेच त्याला पर्याय शोधता येतो.

कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर डाउनलोड करून लॅपटॉपवर न्यायचा विचार असेल तर फाइलची नावं वाचायला शिका. व्हीलच्या नावातच सगळं लिहिलेलं असतं. ‘सीपी३१२’ म्हणजे पायथन ३.१२ साठी, ‘विन-एएमडी६४’ म्हणजे ६४ बिट विंडोजसाठी, ‘मेनीलिनक्स’ असेल तर लिनक्ससाठी, आणि ‘नन-एनी’ असेल तर कुठेही चालणारं. लॅबमध्ये लिनक्स आणि घरी विंडोज असेल तर ‘प्लॅटफॉर्म’ आणि ‘पायथन-व्हर्जन’ हे दोन्ही पर्याय देऊन दुसऱ्या मशीनची पॅकेजेसही उतरवता येतात. तरी माझा सल्ला, ज्या लॅपटॉपवर काम करणार त्यावरच उतरवा.

आणखी एक खाच आहे. पायथन ३.१२ पासून नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका प्रकल्पापुरत्या पॅकेजेसच्या वेगळ्या फोल्डरमध्ये) सेटअपटूल्स हे पॅकेज आपोआप येत नाही. काही जुनी पॅकेजेस ते गृहीत धरतात. म्हणून पिप, सेटअपटूल्स आणि व्हील नावाचं पॅकेज या तिघांनाही त्या फोल्डरमध्ये ठेवा. आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर उचलून दुसऱ्या जागी ठेवण्याचा मोह टाळा. त्याच्या आत जुन्या जागेचे पत्ते कोरलेले असतात. जागा बदलली की नवा बनवा आणि आपल्या फोल्डरमधून पॅकेजेस बसवा, दोन मिनिटांचं काम आहे.

कोणती पॅकेजेस घ्यायची? आज लागतात त्यापेक्षा जास्त. दोन महिन्यांत प्रकल्प वाढणार. मॉडेलमध्ये फोटोचं फील्ड घातलं की जँगो लगेच पिलो (फोटो हाताळणारं पॅकेज) मागतो, आणि ते नसेल तर सर्व्हरसुद्धा सुरू होत नाही. रिअ‍ॅक्टशी बोलायला रेस्ट फ्रेमवर्क आणि कॉर्सचं (दुसऱ्या पत्त्यावरच्या पानाला माहिती मागू देणारं) पॅकेज लागेल. एक्सेल फाइल वाचायला ओपनपायएक्सेल, पीडीएफ काढायला रिपोर्टलॅब, चाचण्यांना पायटेस्ट, शिवाय डीबग टूलबार, आयपायथन, रिक्वेस्ट्स. हे सगळं मिळून शंभर एमबीच्या आत बसतं. जागेची काटकसर करण्याचं हे ठिकाण नाही. डेटाबेससाठी एसक्यूलाइट पायथनसोबतच येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही, आणि विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला तो भरपूर झाला.

एनपीएमचं, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाचं, दुखणं वेगळं आहे. तिथे कॅश खरोखर उपयोगी पडते. पॅकेजची लॉक फाइल (नेमक्या आवृत्त्यांची यादी) असेल आणि कॅश भरलेली असेल तर ‘एनपीएम सीआय’ला ‘ऑफलाइन’ पर्याय दिला की नेटशिवाय सगळं बसतं. म्हणून वायफाय असतानाच एक नमुना प्रकल्प करा, त्यात लागतील आणि कदाचित लागतील अशी सगळी पॅकेजेस बसवा, म्हणजे कॅश भरेल. नंतर ती साफ करायची कमांड चुकूनही चालवू नका.

पण नवा प्रकल्प सुरू करतानाची जी नेहमीची कमांड आहे, ‘एनपीएम क्रिएट व्हीट’ आणि पुढे ‘लेटेस्ट’ (व्हीट हे नवा प्रकल्प उभा करून चालवणारं साधन), ती गावात चालणार नाही. सर्वांत नवी आवृत्ती कोणती हे विचारायला ती बाहेर जातेच. यावर उपाय म्हणजे आधीच एक कोरा, चालणारा रिअ‍ॅक्ट प्रकल्प करून त्याची झिप बनवून ठेवणं. नवं काही सुरू करायचं झालं की झिप उघडायची. झिप अशासाठी की नोड मॉड्यूल्सच्या (बसवलेल्या पॅकेजेसच्या) फोल्डरमध्ये हजारो बारीक फाइल असतात, पेनड्राइव्हवर त्या तशाच कॉपी करायला बसलात तर तास जातो. जुन्या ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’च्या वाटेला मात्र जाऊ नका, फेब्रुवारी २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टच्याच मंडळींनी ते कालबाह्य ठरवलं आहे.

लिनक्सवर बनवलेला नोड मॉड्यूल्सचा फोल्डर विंडोजवर नेला तर व्हीट चालत नाही. त्याच्या आतली ईएसबिल्डसारखी साधनं प्रत्येक प्रणालीसाठी वेगळी बायनरी (त्याच प्रणालीवर चालणारी तयार फाइल) उतरवतात. काही पॅकेजेस तर बसताना स्वतंत्रपणे मोठं काहीतरी ओढून आणतात. पपेटियर आख्खा क्रोम आणतो, इलेक्ट्रॉन स्वतःची बायनरी आणतो. ते डाउनलोड एनपीएमच्या कॅशमध्ये येत नाही. अशी पॅकेजेस वापरायची असतील तर ती वायफायवर असतानाच बसवून, एकदा चालवून पाहा.

पानांच्या एचटीएमएलकडेही लक्ष द्या. शिकताना आपण बूटस्ट्रॅपची (पानाच्या तयार सजावटीची) किंवा फॉन्टची ओळ कुठल्यातरी सीडीएनवरून, म्हणजे नेटवरच्या सामायिक साठ्यावरून, चिकटवतो. नेट गेलं की पान उघडतं, पण उघडंबोडकं. बूटस्ट्रॅपची तयार झिप उतरवा आणि प्रकल्पाच्या स्टॅटिक फोल्डरमध्ये ठेवा. मराठी मजकूर दाखवायचा असेल तर देवनागरी फॉन्टच्या फाइलही सोबत घ्या. नोटो सान्स देवनागरी आहे, मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता आहे, दोन्ही मोफत आणि खुल्या परवान्याचे. सगळ्या प्रकल्पांत ‘एचटीटीपीएस’ हा शब्द शोधा आणि बाहेर जाणारी प्रत्येक ओळ तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण गावातला आख्खा दिवस वाचतो.

आता दस्तऐवजांकडे, म्हणजे ‘हे कसं वापरायचं’ सांगणाऱ्या माहितीकडे, येतो. माझ्या लेखी पॅकेजेसपेक्षा हा भाग जास्त महत्त्वाचा. पॅकेज नसेल तर माणूस दुसरा मार्ग काढतो, पण फंक्शन कसं वापरायचं हेच माहीत नसेल तर तो बसून राहतो.

विंडोजवर झील (नेटशिवाय दस्तऐवज वाचायचं सॉफ्टवेअर) बसवा. मोफत आहे, आणि त्यात पायथन, जँगो, रिअ‍ॅक्ट, जावास्क्रिप्ट, एचटीएमएल, सीएसएस यांचे डॉकसेट, म्हणजे दस्तऐवजांचे संच, एकेका क्लिकवर उतरवता येतात. मॅकवर हेच काम डॅश करतं, झीलचे डॉकसेटही मूळचे डॅशचेच. झीलचा शोध इतका जलद आहे की घरी नेट असतानाही मी आधी तोच उघडतो. शोधताना आधी डॉकसेटचं नाव, मग अपूर्णविराम, मग शब्द असं लिहिलं की फक्त त्याच डॉकसेटमध्ये शोध होतो. ‘फिल्टर’ हा शब्द जँगोतही आहे, पायथनमध्येही आणि सीएसएसमध्येही, तेव्हा या सवयीची किंमत कळते.

दुसरा पर्याय डेव्हडॉक्सचा. तो ब्राउझरमध्ये चालतो आणि त्याच्या ऑफलाइन विभागात जाऊन हवे ते संच साठवता येतात. सोयीचा आहे, पण तो साठा ब्राउझरच्या पोटात असतो. साइटचा डेटा साफ केला, किंवा एखाद्या सफाई करणाऱ्या सॉफ्टवेअरने केला, की सगळं गेलं. म्हणून त्याला जोडीला ठेवा, एकट्यावर भिस्त ठेवू नका.

याखेरीज पायथनचं अधिकृत दस्तऐवज झिप करून मिळतं, जँगोचंही एचटीएमएल, पीडीएफ आणि ईपब अशा तिन्ही रूपांत मिळतं. दोन्ही घ्या. जँगोचा ईपब मोबाईलवर टाका. लाईट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी संपली तर अंगणात बसून वाचता येतो.

आवृत्तीबद्दल मी आग्रही आहे. दस्तऐवज बसवलेल्या आवृत्तीचंच हवं. एक उदाहरण देतो. जँगोमध्ये लॉगआउटसाठी साधी लिंक देता येत असे. ४.१ मध्ये ती पद्धत मोडीत काढत असल्याचा इशारा आला आणि ५.० मध्ये ती बंद झाली, आता लॉगआउट पोस्ट पद्धतीने, म्हणजे फॉर्ममधून करावं लागतं. जुनं दस्तऐवज किंवा जुना व्हिडिओ समोर ठेवून नव्या जँगोवर लिंक केलीत तर ४०५ क्रमांकाची त्रुटी येईल. नेट असेल तर त्याचं उत्तर दोन मिनिटांत सापडतं. नेट नसेल तर माणूस आपल्याच कोडवर संशय घेत दिवस घालवतो. प्रकल्पासाठी दीर्घ मुदतीची (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती धरा, सध्या ती ५.२ आहे, आणि झीलमधल्या डॉकसेटची आवृत्ती जुळते का ते उघडून बघा.

तुमच्या लॅपटॉपवर आधीच असलेलं एक दस्तऐवज बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ‘पायथन डॅश एम पायडॉक डॅश बी’ ही कमांड चालवा. ब्राउझरमध्ये एक पान उघडतं आणि बसवलेल्या प्रत्येक मॉड्यूलची माहिती त्यात असते. ती थेट तुमच्या बसवलेल्या कोडमधून आलेली, म्हणून आवृत्तीचा घोळ होऊच शकत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे खुद्द कोड वाचणं. साइट-पॅकेजेसच्या फोल्डरमध्ये आख्खा जँगो वाचायला मिळतो. एडिटरमध्ये फंक्शनच्या नावावर कंट्रोल धरून क्लिक केलं की त्याची व्याख्या उघडते. सुरुवातीला ते जड वाटेल. दोन महिन्यांनी तुम्ही परत याल तेव्हा वर्गातल्या इतरांपेक्षा जँगो जास्त ओळखत असाल, हे मी अनुभवाने सांगतो. शक्य असेल तर जँगोचं पूर्ण गिट भांडारच, म्हणजे इतिहासासकट सगळा कोड, क्लोन (नक्कल) करून न्या. त्यात त्याच्या चाचण्याही येतात, आणि एखादी गोष्ट नेमकी कशी वापरायची याची सर्वांत प्रामाणिक उदाहरणं चाचण्यांत असतात.

प्रश्नोत्तरांसाठी किविक्स (साठवलेल्या वेबसाइट नेटशिवाय वाचायचं सॉफ्टवेअर) आहे. त्याच्या झिम फाइलमध्ये आख्खं स्टॅक ओव्हरफ्लो, म्हणजे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची वेबसाइट, साठवलेलं मिळतं. मात्र ती फाइल पन्नास जीबीच्या पुढची आहे. कॉलेजचं वायफाय कसं आहे त्यावर ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर ती पहिल्या रात्री लावली असती आणि मधे तुटली तर तिथूनच पुढे सुरू करणारा डाउनलोडर वापरला असता. नाही जमलं तर हळहळू नका, डेव्हडॉक्सच्या छोट्या झिम फाइलही किविक्सवर आहेत. घरच्यांसाठी मराठी विकिपीडियाची झिमही घेऊन जा, गावातल्या शाळकरी मुलांना दाखवता येईल.

मोठी फाइल पेनड्राइव्हवर टाकण्याआधी पेनड्राइव्ह कसा फॉरमॅट केला आहे ते बघा. फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, मग पेनड्राइव्ह १२८ जीबीचा का असेना. विंडोजचा संदेश ‘फाइल फार मोठी आहे’ एवढंच म्हणतो आणि माणूस जागा रिकामी करत बसतो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. फाइल उतरल्यावर तिची शा-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारी खूण) दिलेल्या बेरजेशी ताडून पाहा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल आधीपासून असतं. अर्धवट उतरलेली फाइल गावात गेल्यावर उघडली नाही, तर तिचा काही उपयोग नाही.

इन्स्टॉलर वेगळ्या फोल्डरमध्ये जपा: पायथन, नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा), गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा), व्हीएस कोड (एडिटर), झील, किविक्स. लॅपटॉप बिघडून फॉरमॅट करावा लागला तर हे लागतील. प्रत्येक इन्स्टॉलर पूर्ण आहे का ते तपासा. काही इन्स्टॉलर नुसते दारवान असतात, उघडल्यावर खरा माल नेटवरून ओढतात. पायथनचा पूर्ण इन्स्टॉलर पंचवीस-तीस एमबीचा असतो. आकार एक-दोन एमबी दिसला तर शंका घ्या. व्हीएस कोडची बसलेली एक्स्टेन्शन नेटशिवाय चालतात, तरी त्यांच्या व्हीएसआयएक्स फाइल, म्हणजे ती पुन्हा बसवायच्या फाइल, काढून ठेवा. एक्स्टेन्शनच्या यादीत उजवी क्लिक केली की तो पर्याय दिसतो.

एआयबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. ओलामासारख्या सॉफ्टवेअरने लॅपटॉपवर छोटं मॉडेल चालवता येतं. सात अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे मॉडेलच्या आतल्या आकड्यांचं), चार बिटपर्यंत आक्रसलेलं मॉडेल साधारण चार-पाच जीबीचं होतं. आठ जीबी रॅममध्ये विंडोज, एडिटर आणि ब्राउझर धरून त्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. त्याहून छोटं चालेल, पण ते अस्तित्वात नसलेली फंक्शन्स आत्मविश्वासाने सांगतं. नेट नसताना ते खोटं पकडायला तुमच्याकडे फक्त दस्तऐवजच आहे. घ्यायचं तर घ्या, पण झील आणि जँगोची झिप आधी.

शेवटच्या दोन दिवसांची तालीम अशी करा. वायफाय बंद, मोबाईलचा हॉटस्पॉट बंद. नवा फोल्डर, नवी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, पॅकेजेस फक्त आपल्या फोल्डरमधून. जँगोचा प्रकल्प सुरू करा, एक मॉडेल, एक फोटोचं फील्ड, अ‍ॅडमिन पान उघडा. रिअ‍ॅक्टची झिप उघडा, सर्व्हर चालू करा, जँगोकडून माहिती मागवा. मग बिल्ड करा. जे जे अडेल ते कागदावर लिहा, आणि संध्याकाळी वायफाय चालू करून तेवढंच उतरवा. दुसऱ्या दिवशी तीच तालीम पहिल्यापासून. पहिल्या दिवशी चार-पाच गोष्टी अडतील, ते ठीकच आहे. दुसऱ्या दिवशी एकही अडता कामा नये.

गावात गेल्यावर एक साधी मजकूर फाइल उघडी ठेवा आणि न सुटलेला प्रत्येक प्रश्न, हवं असलेलं प्रत्येक पॅकेज तिथे लिहा. त्यातले निम्मे प्रश्न दस्तऐवज वाचता वाचता सुटतील. उरलेले घेऊन आठवड्यातून एकदा टेकडीवर जा. जाण्याआधी कमांड तयार लिहून ठेवा, म्हणजे वर पोहोचल्यावर हॉटस्पॉट चालू करून फक्त चालवायच्या. कोडही त्याच वेळी गिटवर पुश करा, म्हणजे नेटवरच्या भांडारात पाठवा, दोन महिन्यांचं काम एका लॅपटॉपवर ठेवू नका.

तालमीत काही अडलं तर इथेच लिहा. पायथनची आवृत्ती, कमांड जशीच्या तशी, आणि त्रुटीचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा मजकूर द्या, फक्त शेवटची ओळ नको. तुम्ही निघायच्या आत उत्तर देतो.